अर्ज मुलीचा, सही बापाची

आमचं माहेर ग्वाल्हेरचं, आणि तेही लष्करातलं. पुण्यात असं सांगितलं की लोकांना हमखास कॅम्प आठवतो आणि 'वडील मिलिटरीत होते का?' असा पुढचा प्रश्न येतो. मग खुलासा करावा लागतो, की ग्वाल्हेरच्या एका भागाचंच नाव लष्कर आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली तिथे पडली ती पुन्हा उठलीच नाही, तिचंच गाव झालं. बाकी आमच्या घरात बंदूक कुणी हातात धरलेली नाही. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून, आप्पा शाळामास्तर आणि दादा बँकेत. घरातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे आईची विळी.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत माझी भाची पुण्याला आली आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाता खाता म्हणाली, ''आत्या, मला तिकडे जायचंय,'' तेव्हा मला वाटलं सिंहगडावर जायचं म्हणतेय. मी म्हटलं, ''उद्या जाऊ, झुणका-भाकरी खाऊ.'' ती म्हणाली, ''सिंहगड नाही गं. ते, पाण्यापलीकडचं. एन.डी.ए.''

पोरगी बारावीला, सायन्सची. बोलायला कमी, पण बोलली की विचार करून बोलणारी. ग्वाल्हेरला महाराजपूरचा विमानतळ हवाईदलाचा आहे. मिराज विमानांचा आवाज ऐकतच ती वाढली. २०१६ साली हवाईदलात पहिल्या तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या, तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यांच्यातली अवनी चतुर्वेदी मध्य प्रदेशातलीच, रीवाकडची. तिचा वर्तमानपत्रातला फोटो हिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला मी स्वतः पाहिला होता. आम्ही समजलो, मुलींना असतात अशी हौस. काढून टाकेल मोठी झाल्यावर.

''बाबांना सांगितलंस?'' मी विचारलं.

''सांगितलं. ते काही बोललेच नाहीत. उठून बाहेर गेले. आत्या, तू बोल ना त्यांच्याशी.''

मैत्रिणींनो, आत्या या नात्याची हीच तर गंमत आहे. आईबापांना जे सांगता येत नाही ते आत्याला सांगायचं आणि आत्यानं भावाची बोलणी खायची!

दादाचा नकार

डिसेंबरात आईला बघायला म्हणून ग्वाल्हेरला गेले. अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. घरात धुसफूस चालूच होती. आईचं म्हणणं, ''मुलीच्या जातीला हे कशाला? उद्या लग्नाचं बघायला गेलं की लोक काय विचारतील?'' वहिनीचं म्हणणं, ''बारावीचं वर्ष आहे, दोन दगडांवर पाय नको.'' आणि दादा? दादा गप्प. पेपर वाचायचा, चहा प्यायचा, बँकेत जायचा.

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढलाच. म्हटलं, ''दादा, काळ बदललाय. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली मुलींना या परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. २०२२ पासून मुली खडकवासल्याला शिकताहेत. तुझा विरोध मुलगी म्हणून आहे का?''

''नाही.''

''मग?''

दादा उठला आणि कपाटातून एक कागदांचा गठ्ठा घेऊन आला. पोरीच्या परीक्षेची आख्खी जाहिरात त्यानं बँकेत छापून आणली होती. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा! म्हणजे गप्प बसलेल्या या माणसानं एक शब्दही न सोडता सगळं वाचलं होतं. शेवटाकडच्या एका पानावर त्यानं बोट ठेवलं. ''हे वाच.''

मी वाचलं, आणि खरं सांगते, पोटात कालवलं. अर्ज करताना आईबापांची सही लागत नाही. पण अंतिम निवड झाली की पालकांना दोन कागद लिहून द्यावे लागतात. पहिल्यात असं, की प्रशिक्षणात मुलाला वा मुलीला काही दुखापत झाली तर सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क राहणार नाही, हे आम्हांला समजलं आहे. दुसरा हमीपत्राचा. शिस्तभंग केला, खोटी माहिती दिली किंवा स्वतःच्या मर्जीनं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलं, तर झालेला खर्च पालक आणि कॅडेट यांच्याकडून वसूल होऊ शकतो.

''या कागदावर मी सही करायची,'' दादा म्हणाला. ''लहानपणी हिला सायकल शिकवताना मी मागचं सीट सोडलं नव्हतं.''

वाचकहो, या गोष्टीला मी वरवरचं उत्तर देणार नाही. प्रशिक्षणात जखमी होऊन, अपंगत्व येऊन घरी परतलेले कॅडेट या देशात आहेत. त्यांना सानुग्रह मदत मिळते, पण माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, म्हणून त्यांनी फार सोसलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांची आरोग्य योजना या मुलांनाही लागू करण्याचा निर्णय झाला. बहुतेक मुलं धडधाकट बाहेर पडतात, हे खरंच. पण बापानं तो कागद वाचून घाबरू नये, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. न वाचता सही करणाऱ्यापेक्षा वाचून घाबरणारा बाप मला बरा वाटतो.

एक जुनी गोष्ट

पण तेवढंच नव्हतं. भाची खोलीत अभ्यासाला गेली आणि दादा हळूच म्हणाला, ''तुला आठवतं, मी भोपाळला गेलो होतो?''

आठवत होतं. साल १९९०. मी शाळेत होते. दादा कसल्याशा मुलाखतीला भोपाळला गेला, चार-पाच दिवसांनी परत आला आणि मग त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. ती एन.डी.ए.ची मुलाखत होती! दादा लेखी परीक्षा पास झाला होता. भोपाळच्या निवड मंडळात शेवटच्या दिवसापर्यंत टिकला होता. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर पुकारले, त्यात त्याचा नव्हता.

''त्याचं काही वाटलं नाही गं,'' दादा म्हणाला. ''माझ्याबरोबरची एक-दोन मुलं दुसऱ्यांदा आलेली होती. मीही वयात बसत होतो. घरी आल्यावर आप्पांना म्हटलं, पुन्हा फॉर्म भरतो. आप्पा म्हणाले, एकदा नको म्हणाले ना, मग पुन्हा नाक घासत कशाला जायचं? बँकेच्या परीक्षेचा फॉर्म समोर ठेवला. झालं.''

आमचे आप्पा वाईट नव्हते. मास्तरांचा पगार, तीन मुलं, त्यांना स्थिर नोकरी हवी होती. पण पस्तीस वर्षं दादानं हे मनात ठेवलं होतं आणि त्याला भीती वाटत होती ती हीच, की आपली पोर असंच तोंड करून घरी येईल आणि आपल्याला काय बोलावं ते सुचणार नाही.

दाराशी भाची उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. ती एवढंच म्हणाली, ''बाबा, मला नाही घेतलं तर मी पुन्हा भरीन. वर्षातून दोनदा असतो फॉर्म.''

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानंच संगणक उघडला.

अर्ज भरताना

त्या सकाळी आणि नंतर वर्षभरात आम्ही जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, नियम सगळ्यांना तेच.

परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, वर्षातून दोनदा. अलीकडे साधारण डिसेंबरात जाहिरात येते आणि एप्रिलमध्ये परीक्षा होते. दुसरी जाहिरात मेअखेर आणि परीक्षा सप्टेंबरात. उमेदवार अविवाहित हवा. वय प्रशिक्षण सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात, त्या पाहाव्या. लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. हवाईदल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. मात्र कला शाखेच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं, लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो.

अर्ज फक्त आयोगाच्या संकेतस्थळावर. फी १०० रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती माफ आहे. 'आम्ही भरून देतो, दोन हजार द्या' म्हणणाऱ्या दुकानात जाण्याची काही गरज नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर जशी आहे तश्शीच लिहायची. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव मध्ये. या घोळात पुढे कागदपत्रं अडतात. भाचीच्या शाळेच्या दाखल्यात आणि आधार कार्डात एका अक्षराचा फरक निघाला, तो आधी दुरुस्त करावा लागला.

अर्जात लष्कर, नौदल, हवाईदल आणि एळिमलाची नौदल अकादमी यांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. ज्याला पसंती दिली नाही, त्यासाठी पुढे विचार होत नाही. हवाईदलाच्या वैमानिकासाठी एक वेगळी चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तेव्हा ही रांग मित्रमैत्रिणींनी काय लिहिलं ते पाहून लावू नये.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणिताचे ३००, सामान्य क्षमतेचे ६००. त्यात इंग्रजी २०० आणि बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे, पर्यायी उत्तरांचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे गोळ्या मारणं महागात पडतं. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द अकरावीपासूनच कानावर पाडून घ्यावेत.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं, जिथे चांगली चांगली मुलं चुकतात. लेखीचा निकाल लागल्यावर पास झालेल्यांनी लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा नाव नोंदवायचं असतं. पेढे वाटण्याच्या नादात हे राहून जातं. मुलाखतीची सूचना त्यानंतरच ई-मेलवर येते. म्हणून अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नव्हे, आपलाच ई-मेल आणि आपलाच फोन द्यावा.

पाच दिवसांची पारख

मुलाखत म्हणजे खुर्चीत बसून अर्धा तास प्रश्नोत्तरं नव्हेत. पाच दिवस मंडळाच्या ठिकाणी राहायचं. याचेही ९०० गुण, म्हणजे लेखीइतकंच वजन. पहिल्या दिवशी बुद्धीची चाचणी आणि चित्रावरून गोष्ट. धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे बरीच मुलं त्याच दिवशी परत जातात. उरलेल्यांना पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहा. साठ प्रसंग, अर्ध्या तासात काय कराल ते लिहा. मग मैदानावरची कामं, एक प्रत्यक्ष मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांची एकत्र बैठक.

मैदानावरच्या कामांची गंमत मला दादानं दाखवली. एका रविवारी गच्चीवर गेले तर बापलेकींनी दोन पाण्याची पिंपं, एक फळी आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन पूल बांधायला काढला होता. ''फळी आखूड आहे आणि खाली नदी आहे असं समज,'' दादा सांगत होता. ''एकटीनं नाही जमणार. दुसऱ्याला फळी धरायला सांगावी लागेल, आणि त्याचं डोकं चाललं तर त्याचं ऐकावंही लागेल. तेच बघतात ते.'' पस्तीस वर्षांपूर्वीचं सगळं त्याला पाठ होतं. वहिनी जिन्यात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, ''वन्सं, यांना इतकं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहतेय.''

त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय, वजन, सगळं. मंडळाला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावं. कानातला मळ, किडलेला दात, चार किलो जास्तीचं वजन या गोष्टी आधीच सुधारता येतात. तपासणीत अपात्र ठरवलं तरी ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. आणि हौसेनं अंगावर गोंदवून घेण्याआधी या क्षेत्राचा विचार करणाऱ्यांनी नियम वाचावेत.

निवड झाली तर तीन वर्षं खडकवासला. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी जिची कोनशिला बसवली, ती ही प्रबोधिनी. १९५५ च्या जानेवारीत तिचं उद्घाटन झालं. तिथली मुख्य इमारत सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मदतीला गेलेल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून सुदान सरकारनं दिलेल्या पैशाची ती खूण आहे. तीन वर्षांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. मग लष्करवाले डेहराडूनला, नौदलवाले एळिमलाला, हवाईदलवाले हैदराबादजवळ दुंडिगलला. शिक्षण, राहणं, जेवण यांचा खर्च सरकारचा. सुरुवातीला कपडे आणि हातखर्चासाठी पालकांना काही रक्कम भरावी लागते, आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठी त्यातही मदतीची सोय आहे.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत, त्यांनी महाराष्ट्रातल्या सोयींची माहिती करून घ्यावी. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ पासून आहे आणि आता तिथे मुलींनाही प्रवेश आहे. दहावीनंतर या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिकला निघाली आहे.

भोपाळची गाडी

भाची एप्रिल २०२५ ची लेखी परीक्षा पास झाली. ३० मे रोजी खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. ते संचलन सगळ्यांनी घरी बसून पाहिलं. आई चष्मा पुसत म्हणाली, ''पोरी किती ताठ चालतात गं! आमच्या वेळी ताठ चाललं की मान खाली घाल म्हणायचे.'' त्या दिवसापासून लग्नाचा विषय निघाला नाही.

जूनमध्ये एक गोष्ट घडली. भाचीच्या मुलाखतीची तारीख यायची होती आणि दादानं सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरायला घेतला. वहिनी चिडली. ''अहो, पहिल्याचा निकाल लागला नाही आणि दुसरा कसला भरताय? अपशकुन करताय का?''

दादा म्हणाला, ''अपशकुन नाही. नाही झालं तर तिच्यासमोर पुढचा कागद असला पाहिजे.''

ऑगस्टमध्ये ती भोपाळला गेली आणि पहिल्याच दिवशी परत आली. गोष्ट चांगली लिहिली होती, पण गटात सगळ्या जणी एकदम बोलू लागल्या आणि ही आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली. पाळी आलीच नाही.

रात्री गाडी उतरली तेव्हा दादा फलाटावर उभा होता. काय बोलला, मी विचारलं तर भाची म्हणाली, ''काही नाही. बॅग घेतली आणि म्हणाले, भूक लागली असेल. मग आम्ही कचोरी खाल्ली. खाताना म्हणाले, सप्टेंबरचा पेपर चौदाला आहे.'' थोडं थांबून म्हणाली, ''आत्या, मला खूप रडायचं होतं. पण पेपरची तारीख ऐकली आणि राहूनच गेलं.''

सप्टेंबरची लेखीही ती पास झाली. हे लिहीत असताना ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहते आहे. सकाळी पळते, आणि कॉलेजच्या वादविवाद मंडळात नाव घातलंय, पाळीची वाट न पाहता बोलायची सवय व्हावी म्हणून. निवड होईल की नाही, कुणी सांगावं? लाखो मुलं बसतात आणि प्रत्येक परीक्षेला जागा साधारण चारशे. मुलींच्या त्यात अगदी थोड्या.

परवा फोनवर दादाला विचारलं, ''आणि समजा निवड झाली, तर त्या कागदावर सही करशील?''

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ''करीन. हात थरथरेल, पण करीन.''

आईबापहो, तुमच्याही घरात असा एखादा अर्ज पडला असेल. नियम नीट वाचा, धोकेही वाचा, मुलाशी बोला. घाबरायचं तर मोकळेपणानं घाबरा, मुलांना ते कळतं. आणि मूल हात हलवत परत आलं, तर 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य तेवढं गिळून टाका. त्याला आधी खायला घाला आणि पुढच्या अर्जाची तारीख सांगा.